बापाला न्यायला आलेली पोरं

महाराष्ट्रात दारू विकायला परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. प्यायलाही लागतो, याची आठवण फारशी कुणाला नसते. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम नाव बदलून आजही जिवंत आहे आणि त्याच्या हिशेबाने पिणाऱ्याच्या खिशात एक कागद असायला हवा. या कागदाचे दर वर्षानुवर्षं तेच राहिले: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचे पाच रुपये, वर्षाचे शंभर, आणि आयुष्यभर प्यायचं पक्कं असेल तर एकरकमी हजार. देशी पिणाऱ्याचा दिवस दोन रुपयांत भागायचा. बियर-वाइनला वय एकवीस हवं, कडक दारूला पंचवीस. असं परमिट असलेल्यांनीच बसायची खोली म्हणजे परमिट रूम. मुंबईत तीन पिढ्या हा शब्द वापरत आल्या, पण खिशात परमिट घेऊन तिथे गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या बारमध्ये हाच कागद मेन्यूकार्ड होऊन समोर आला. जाड पिवळट कागद, सरकारी छपाईचा आव, 'परवानाधारकाचे नाव', 'वय', 'पिण्याचे कारण' अशा रिकाम्या जागा, आणि त्याखाली पेयांची यादी. माझ्याबरोबर माझा शाळेतला वर्गमित्र होता. त्याने खिशातलं पेन काढलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'वडिलोपार्जित.'

बारचं नाव इथे देत नाही. मुंबई-पुण्यात असे बार आता इतके झालेत की एकाचं नाव घेऊन दुसऱ्यावर अन्याय कशाला करायचा? ऐंशी-नव्वदच्या दशकातलं बालपण ही त्यांची जाहीर थीम. दारातच लाकडी शटरचा टीव्ही, वर अँटेना. भिंतीवर मर्फी रेडिओच्या जाहिरातीतलं बाळ. काउंटरमागे गोल्डस्पॉट आणि थम्स अपचे लाकडी क्रेट. अर्धी कापून भिंतीत चिणलेली स्कूटर. काळा डायलचा फोन, त्याला छोटंसं कुलूप. कंपासपेटीत येणारं बिल, डब्यातून येणारे शेंगदाणे, आणि गोटी सोड्याच्या बाटलीतून येणारं कैरीचं कॉकटेल. गोटी बोटाने आत ढकलायची ती जुनी युक्ती वेटर प्रत्येक टेबलावर नव्याने शिकवत होता. ही बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात काढली. पत्र्याच्या बुचाने तिला बाजारातून घालवलं. आता ती परत आली आहे, तिची किंमत मात्र आतल्या द्रवावर ठरते.

शेजारच्या टेबलावर पंचविशी नुकतीच ओलांडलेली मुलंमुली होती. एक मुलगी गोटी ढकलताना मैत्रिणीकडून व्हिडिओ काढून घेत होती. 'हे तुमच्या लहानपणी होतं का?' असं मी विचारलं. 'नाही हो, आईच्या,' ती म्हणाली. 'पण आम्हाला ते आवडतं. तेव्हा सगळं शांत होतं ना?'

सगळं शांत होतं का, हा प्रश्न मी माझ्या मित्राकडे वळवला. तो हसला. त्याच्या लहानपणी या आवारात रात्रंदिवस तीन पाळ्या चालत. भोंगा झाला की परळ जागं व्हायचं. त्याचे वडील साचेखात्यात होते. आपण ज्या खोलीत बसलो आहोत तिथे काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण गिरणीच्या फाटकाच्या आत तो तेव्हा कधी आलाच नव्हता. फाटकासमोरच्या परमिट रूमपर्यंत मात्र नेमाने यायचा. वडिलांना घरी न्यायला.

*

मी गेले होते ते बालपण शोधायला नव्हे, बालपणाचं दुकान कसं मांडतात ते बघायला. मॅनेजर तरुण होता, बोलायला उत्सुक होता. 'मॅडम, लोक इथे प्यायला येत नाहीत, फील घ्यायला येतात,' तो म्हणाला. त्याच्या हिशेबात दोन प्रकारची गिऱ्हाइकं होती. चाळिशी-पन्नाशीचे लोक ग्रुपने येतात, शाळेचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, पहिला अर्धा तास भिंती बघण्यात जातो. तरुण मुलं फोटो काढतात आणि जास्त खर्च करतात. दोघांनाही चालेल असं बालपण निवडायचं, हे त्याचं काम.

हे 'चालेल असं' मला तिथे सतत टोचत राहिलं. कारण भिंतीवर जे होतं ते सगळं खरं असूनही त्यात माझं फार थोडं होतं. 'हम लोग' होतं, 'रामायण' होतं, 'महाभारत' होतं. म्हणजे १९८४ ते १९९० मधलं दिल्लीहून आलेलं दूरदर्शन होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याचा वरळीचा मनोरा या बारपासून फार लांब नाही. पण 'गजरा' नव्हता, 'किलबिल' नव्हतं, 'आमची माती आमची माणसं' नव्हतं. टिंकल होतं, चांदोबा नव्हता. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या पिढीने फडशा पाडल्यासारखा वाचला. त्यांना इथे जागा मिळाली नव्हती. मी मॅनेजरला विचारलं. तो प्रामाणिक होता. 'मॅडम, आमचं बेंगलोरलाही आउटलेट येतंय. सगळीकडे चालणाऱ्या गोष्टी ठेवतो.'

म्हणजे हे बालपण घाऊक आहे. देशभर एकच जाहिरात, एकच मालिका, एकच गोळी. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांचं बालपण हेच सगळ्यांचं बालपण म्हणून नोंदलं जातंय. आमच्या चाळीत टीव्ही एका घरात होता. बाकीच्यांनी तो दारातून, उंबऱ्यावर बसून, दुसऱ्याच्या डोक्याच्या बाजूने पाहिला. इथे प्रत्येक खुर्चीतून तो नीट दिसतो.

या घाऊक बालपणाला बाजारात किंमत आहे, हे काही बारवाल्यांनीच ओळखलं असं नाही. गोल्डस्पॉट १९९३ मध्ये पारलेने थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रासकट कोका-कोलाला विकलं. थम्स अप तगलं आणि गोल्डस्पॉटला फँटासाठी जागा सोडावी लागली. ज्याचं उत्पादन बंद झालं त्याची बाटली आज बारमध्ये शोभेला. कॅम्पा कोला रिलायन्सने २०२२ मध्ये घेतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात आणला. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, त्यातून पुढे गोळ्या-चॉकलेटं निघाली, आणि पान पसंद, मँगो मूड वाढदिवसाला वर्गात वाटली गेली. त्या गोळ्यांची नावं आणि पाककृती २०२४ मध्ये रिलायन्सनेच सत्तावीस कोटींना घेतल्या. आठवणीचा भाव ठरवणारे हिशेबी लोक भावुक नसतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

बारच्या मेन्यूत एका पेयाबरोबर फँटम सिगरेट येते. टोकाला लालसर रंग लावलेली साखरेची पांढरी कांडी. शेजारच्या टेबलावर ती सगळ्यांनी बोटांत धरून खोटा धूर सोडला. लहानपणी आम्हीही तेच करायचो, आणि ते मोठ्यांची नक्कल म्हणून करायचो. आता तीस-चाळीस वर्षांनी मोठी माणसं लहान मुलांची नक्कल करताहेत, तीही मोठ्यांची नक्कल करणाऱ्या लहान मुलांची.

*

जुनेपणा येतो कुठून, म्हणून मी जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला फर्निचर बाजारात गेले. तिथे जुन्या बंगल्यांची दारं, पाडलेल्या चाळींचे कठडे, बंद पडलेल्या कॅफेंच्या खुर्च्या येतात. इराणी कॅफेंच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांना मोठी मागणी आहे, पण खऱ्या आता मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यामुळे त्या बनवल्या जातात. एका व्यापाऱ्याने मला दोन खुर्च्या शेजारी ठेवून ओळखायला सांगितलं. मी जुनी म्हणून नव्या खुर्चीवर बोट ठेवलं. 'बघा, जुनीच जास्त नवी दिसते,' तो खूश होऊन म्हणाला. कारण जुनी खुर्ची वापरणाऱ्याने सांभाळलेली असते. नवी मात्र मुद्दाम मारलेली असते. तिच्यावर एक रंग देतात, त्यावर दुसरा देतात, मग पॉलिशपेपरने कडा घासून खालचा रंग बाहेर काढतात. पत्र्याच्या पाट्यांवर अ‍ॅसिड फिरवून गंज आणतात. आरशांचा पारा मागून खरवडतात. 'गिऱ्हाईक सांगतं किती वर्षं हवीत. तीस सांगा, पन्नास सांगा.'

भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, सिनेमाची खरी पोस्टरं आणि छापील प्रती एकाच भिंतीला टेकून उभ्या असतात. पुण्याच्या जुन्या बाजारातून रॉकेलचे स्टोव्ह आणि रेडिओ उचलणारे आता घरमालक नसतात, इंटिरियर डिझाइनर असतात. ओशिवऱ्याच्या त्या व्यापाऱ्याला मी विचारलं, तुमच्या घरी काय आहे? 'सगळं नवीन,' तो म्हणाला. 'जुन्या लाकडात ढेकूण होतात.'

हा ढेकूण फार महत्त्वाचा आहे. रेट्रो बारमध्ये सगळं असतं, ढेकूण नसतो.

*

मुंबईच्या आठवणींचा हा धंदा परदेशातही पोचला आहे. लंडनमध्ये २०१० साली दिशूम सुरू झालं ते मुंबईच्या इराणी कॅफेंच्या आठवणीवर. त्यांच्या प्रत्येक शाखेला एक रचलेली पूर्वकथा असते. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये ब्रायटनला नवं ठिकाण काढलं, त्याचं नाव 'परमिट रूम.' आपल्याकडे सोडाबॉटलओपनरवाला २०१३ मध्ये निघालं, तेही मुंबईत नव्हे, आधी गुडगावला. ज्या शहरात इराणी नव्हते तिथे इराण्यांची आठवण आधी विकली गेली. दरम्यान मुंबईतले खरे इराणी कमी होत गेले. धोबी तलावचा बस्तानी गेला. त्याच्या भिंतीवरच्या सूचनांवर निस्सीम इझिकेल यांनी लिहिलेली कविता उरली. समोरचा १९०४ चा कयानी आहे, पुण्यात १९३५ चं गुडलक आहे.

इराण्याची आठवण गोड असायला कारण आहे. तिथे बाप मुलाला हात धरून नेत असे. बनमस्का, पानीकम चहा, संगमरवरी टेबल, बाहेर पडताना काचेच्या बरणीतली गोळी. परमिट रूमची आठवण तशी असू शकत नाही, कारण तिथे मूल आत जात नसे. ते दाराशी उभं राही.

या दाराचा इतिहास आधी सांगितला पाहिजे. मुंबई राज्यात १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री, पुढे मुख्यमंत्री. एफ. एन. बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधं-अत्तरांसारख्या गोष्टींवरची काही कलमं रद्द केली, पण बंदी उचलून धरली. प्यायची असेल तर प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे अशी डॉक्टरची चिठ्ठी लागे. ती कुणाला परवडणार? बाकीच्यांसाठी आंटी होती. वांद्रे, माहीम, धोबी तलावच्या घरांतून बाया हातभट्टीची विकत. टेबलाला प्लॅस्टिकचा कपडा, भिंतीवर येशू, सोबत उकडलेलं अंडं. साठच्या दशकात आणि मग सत्तरच्या दशकात बंधनं सैल झाली, परमिट रूम वाढल्या, आणि त्या चालवल्या मुख्यतः उडुपी-मंगळूरकडून आलेल्या शेट्टींनी. खाली इडली-डोसा, बाजूच्या दाराने परमिट रूम. काळी काच, जाड पडदा, लाल बल्ब, थंड मशीन. या हॉटेलवाल्यांची संघटना 'आहार' १९७९ ची. २०२५ च्या जुलैत तिने करवाढीच्या निषेधार्थ एक दिवस सगळे बार बंद ठेवले, तेव्हा अशा खोल्या अजून किती आहेत ते शहराला कळलं.

परळच्या एका जुन्या परमिट रूममध्ये मी दुपारी गेले. पडद्याआड जाताना पाऊल क्षणभर अडखळलं, हे लिहायला हवं. आमच्या घरचा नियम होता की परमिट रूम आली की रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथने जायचं. माझे वडील पीत नसत. तरी नियम होता. नियम वडिलांसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. पडद्याखालून दिसणाऱ्या चपलांच्या जोडांवरून आत किती लोक आहेत ते मला कळायचं, एवढंच त्या खोलीचं मला ज्ञान.

आत एक म्हातारे वेटर होते, कुंदापूरकडचे, आयुष्य परळमध्ये गेलेले. 'गिरणी होती तेव्हा काय धंदा होता!' ते म्हणाले. 'पगाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. क्वार्टर-क्वार्टर, साथ में चणा. पोरं यायची बापाला न्यायला. शेट सांगायचा, लहान पोरगं आत घ्यायचं नाही. मग आम्ही बापाला जाऊन सांगायचो, तुमचा आलाय. तोपर्यंत पोराच्या हातात मूठभर चणे द्यायचो. उपाशी कशाला उभं ठेवायचं?'

मी मित्राला फोनवर हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'चणे नाही, वाटाणे. तिखट लावलेले.'

*

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून गोळा केलेला इतिहास 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने मराठीत आहे. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक आहे. पण पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल पुस्तकापेक्षा माणसाकडून ऐकावं म्हणून मी मित्राच्या घरी गेले. त्यांची चाळ आता नाही; टॉवरमध्ये पुनर्वसनाची खोली मिळाली आहे. त्याची आई, म्हणजे काकू, ऐंशीच्या आसपास आहेत. लग्न होऊन साताऱ्याकडून परळला आल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि काकूंनी डबे करायला घेतले. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली होती. काकू म्हणतात, तिथून कर्ज मिळालं म्हणून चूल पेटती राहिली. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या बंद पडल्या. जमिनीच्या वाटपाचे नियम आधी १९९१ मध्ये झाले, २००१ मध्ये बदलले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेले नियम मान्य केले. त्या निकालानंतर इथे मॉल, कार्यालयं आणि बार वाढले. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारातल्या आगीत चौदा जण गेले तेव्हा काकूंच्या मजल्यावर सगळे जागे होते.

'पगाराच्या दिवशी आम्ही फाटकावर जायचो,' काकू सांगू लागल्या. 'एकट्या नाही, चौघीपाचजणी. समोर परमिट रूम, त्याच्या आधी आम्ही. हातात पाकीट पडलं की आधी किराण्याचे घ्यायचे, शाळेचे घ्यायचे, मग जा म्हणायचं कुठे जायचं तिथे. एखाद्या महिन्यात चुकामूक व्हायची. मग हा जायचा.' 'हा' म्हणजे माझा मित्र. तो खाली बघून हसत होता.

'भीती वाटायची?' मी त्याला विचारलं.

'बाबांची नाही. बाबा पिऊन कधी हात उचलायचे नाहीत. उलट वाटेत गोळी घेऊन द्यायचे. भीती दाराची वाटायची. आत सगळे हसतायत, गाणी चाललीयत, आणि आपण आलो की बाबांचा चेहरा पडतो. आपल्यामुळे पडतो.'

त्या बारमध्ये तो माझ्याबरोबर पुन्हा पुन्हा का आला, ते मला तेव्हा कळलं. मी मनातल्या मनात त्या भिंतींना नावं ठेवत होते, दिल्लीचं बालपण, घाऊक बालपण म्हणून. तो भिंतींकडे बघतही नव्हता. तो आत बसला होता. परमिट रूमच म्हणता येईल अशा खोलीत, दारापलीकडे, गाणी चालू असताना, कुणाचाही चेहरा न पाडता. त्याच्या वडिलांना जाऊन खूप वर्षं झाली. दोघांनी एका टेबलावर बसावं असा प्रसंग आला नाही, येऊ शकला नसता. अ‍ॅसिड मारून गंजवलेल्या पाट्या आणि खोट्या इराणी खुर्च्या असलेल्या त्या खोलीत तो जे करत होता ते खोटं नव्हतं.

तरीही काकूंना ते पटलं नाही, आणि त्यांचंही खरं होतं. 'ज्या जागेतून तुझ्या बापाला बाहेर काढण्यात माझा जन्म गेला,' त्या त्याला म्हणाल्या, 'तिथे तू पैसे मोजून बसतोस?' काकूंच्या माहेरच्या गावात बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं होतं. २००८ च्या नियमाने वॉर्डातल्या किंवा गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घ्यावं लागे. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागे. आलेल्या मतांपैकी नव्हे, एकूण. म्हणजे घरी बसलेला प्रत्येक माणूस उभ्या बाटलीच्या बाजूचा. तिथे आडवी बाटली जिंकली, हे सांगताना काकू ताठ बसल्या. बालपणाच्या बारमध्ये लटकवायला ती मतपत्रिकाही हवी, असं मला वाटलं. ऐंशी-नव्वदनंतरची असली तरी तिच्यामागे तेव्हाचीच माणसं आहेत.

मग काकूंनी एक प्रश्न विचारला, जो मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. 'तू गेली होतीस म्हणतेस. तिथे बायका येतात?'

'येतात. निम्म्याहून जास्त टेबलांवर.'

'कामाला?'

त्यांनी 'कामाला' असं विचारणं साहजिकच होतं. मुंबईच्या दारूच्या इतिहासात बाई नेहमीच आहे, पण ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. आंटी म्हणून ओतणारी. लेडीज बारमध्ये वाढणारी. डान्सबारमध्ये नाचणारी, त्यावर सरकारने २००५ मध्ये बंदी आणली, आणि ती घटनेविरुद्ध आहे हा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केला. घरी थांबणारी, फाटकावर थांबणारी, मुलाला पाठवणारी. खुर्चीत बसून मागवणारी मात्र नव्हती. मी स्वतः पन्नाशीत, मेन्यूवर बोट ठेवून कैरीचं कॉकटेल मागवलं, वेटरने 'येस मॅडम' म्हटलं, आणि यात काही वेगळं घडतंय हे मला जाणवलंही नाही. माझं लक्ष भिंतीवरच्या मर्फीच्या बाळाकडे होतं.

'कामाला नाही, काकू. गिऱ्हाईक म्हणून. मैत्रिणी-मैत्रिणी येतात, नवऱ्याबरोबर येतात, आईलाही आणतात कुणी कुणी.'

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाकडे वळल्या. 'मग ते काही तसलं ठिकाण नाही. तेव्हा आम्ही तिथे बसलेल्या असतो ना, तर तुझा बाप नऊ वाजता घरी आला असता. आमच्याबरोबरच आला असता.'

रेट्रो बार आपल्याला जुना काळ परत देतात असा त्यांचा दावा आहे. तो तपासायला मी ओशिवऱ्यापर्यंत गेले, खरी खुर्ची कुठली आणि बनावट कुठली ते शोधत बसले. काकूंनी न बघताच सांगितलं की त्या खोलीत बघण्यासारखं काय आहे. तिथली सगळ्यात बनावट गोष्ट, १९८५ च्या परमिट रूममध्ये कधीही न दिसलेली, म्हणजे शेजारच्या टेबलावरची ती गोटी ढकलणारी मुलगी. जुन्या काळाशी प्रामाणिक राहायचं तर तिला आधी बाहेर काढावं लागेल, आणि मग मलाही. सुदैवाने असा प्रामाणिकपणा कुठल्याच मालकाला परवडणारा नाही.

दिवाळीनंतर काकू यायच्या आहेत. पिणार नाहीत, हे त्यांनी आधीच बजावलंय. बिल मात्र त्या स्वतः तपासणार आहेत, कारण दोन उकडलेल्या अंड्यांचा भाव मुलाने सांगितला त्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.